खडूतली रेघ

"रॉकेल नीट पुसा हं, मिस्त्रीकाका. नाहीतर खडू ओला होतो आणि सगळंच काळं दिसतं," मालकांची मुलगी गाडीखालून ओरडली.

"आता मलाच शिकव," मिस्त्री म्हणाले.

"तुमचंच तुम्हाला परत करतेय."

मिस्त्री हसले. त्यांच्या हातात स्टिअरिंगचा आर्म होता, पुढच्या चाकाला वळवणारा वीतभर लांबीचा पोलादी हात. सकाळपासून तो रॉकेलच्या डब्यात बुडवून ठेवला होता. आता तो कोरडा पुसायचा आणि वर खडूची पूड भुरभुरायची. पोलादाला कुठे चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या पुडीत काळी रेघ उमटते. चाळीस वर्षं मिस्त्री असंच तपासत आले होते.

गाडी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची होती, शर्यतीची. मालकांनी तरुणपणी ती एका गोठ्यातून, कोंबड्यांच्या खुराड्याखालून सोडवून आणली होती. मालकांची मुलगी सात वर्षांची असल्यापासून या शेडमध्ये लुडबुडत असे. आता चाळिशीला आली होती. लग्नाच्या भानगडीत पडली नव्हती आणि हाताला ग्रीस लागल्याशिवाय तिला जेवण गोड लागत नसे. रविवारी जुन्या गाड्यांचा मेळावा होता. शर्यतीच्या ट्रॅकवर दहा फेऱ्या, आणि गाडी चालवणार होती तीच. गोठ्यातून आणल्यापासून ही गाडी अंगणाच्या बाहेर गेली नव्हती.

मिस्त्रींचा या गाडीवर जीव होता. नव्या गाड्यांचं बॉनेट उघडलं की त्यांना प्लास्टिकचं पांघरूण दिसे. इथे तसं नव्हतं. पुढच्या चाकांचा आस आतून पोकळ, वरून आरशासारखा घासलेला. त्यात चौकोनी खिडकी पाडून पाट्याची स्प्रिंग आरपार नेलेली. ताकद तीच आणि वजन निम्मं. आठ सिलिंडर एका ओळीत, शेजारी हवा दाबून आत भरणारा पंखा. प्रत्येक नट तारेने बांधलेला, आणि तारेचा पीळसुद्धा सगळीकडे एकाच बाजूला.

"ज्याने ही आखली ना," ते घरी बायकोला सांगायचे, "त्याने एक चमचाभर पोलाद जास्त वापरलं नाही."

"मग तुम्हीही मिठाचं तसंच शिका," बायको म्हणायची.

पूड भुरभुरून झाली. मिस्त्री आर्म खिडकीपाशी घेऊन गेले. आर्म जिथे वळतो तिथे, मानेपाशी, नखाएवढी बारीक रेघ हळूच वर आली.

त्यांनी चष्मा पुसला. आर्म पुसला. पुन्हा पूड टाकली. या वेळी रेघ फिकट होती. होती की नव्हती? कानशीचा ओरखडा असेल. नव्वद वर्षांपूर्वी कुणा कारागिराचा हात घसरला असेल. नवा आर्म घडवायचा म्हणजे दोन महिने. मेळावा हातचा गेला. मालक ऐंशीचे, पुढच्या मेळाव्याला असतील-नसतील. हे सगळं खरंच होतं. पण त्याखाली आणखी एक गोष्ट होती, ती मिस्त्रींनी स्वतःलाही सांगितली नाही. या इंजिनाचा प्रत्येक व्हॉल्व्ह त्यांनी हाताने बसवला होता, पण आजवर त्याचं नुसतं खाकरणं ऐकलं होतं. पूर्ण गळ्याने ते गाताना एकदाही ऐकलं नव्हतं.

"काय काका, पास?"

अंगठा रेघेवर होता.

"पास," मिस्त्री म्हणाले.

रविवारी ते मालकांबरोबर कठड्यापाशी उभे होते. गाडी समोरून गेली तेव्हा जाड कापड एका हिसक्यात फाडावं तसा आवाज आला. पंख्याची बारीक शीळ त्याच्या मागोमाग आली. मालकांनी मिस्त्रींचं मनगट धरलं. स्टिअरिंगवर बसलेली मुलगी दर फेरीला अधिक मोकळी होत होती. सहाव्या फेरीत तिने त्यांच्याकडे बघून हात उंचावला.

सातव्या फेरीत आवाज आलाच नाही.

मुलीच्या अपघाती मृत्यूच्या चौकशीला दोन अधिकारी आले. आर्मचे दोन तुकडे टेबलावर कागद अंथरून ठेवले होते. तुटलेल्या तोंडाचा कडेचा नखाएवढा भाग काळपट, जुना. बाकीचा लख्ख, ताजा. "आत जुनी चीर होती. बाहेरून दिसणं शक्य नव्हतं," एक अधिकारी म्हणाला आणि त्याने तसं लिहिलं. "धातूही म्हातारा होतो, मिस्त्री. मनाला लावून घेऊ नका."

मिस्त्रींचं जेवण सुटलं. बायको म्हणाली, "डॉक्टरला दाखवा." ते मान हलवत. तीन आठवड्यांनी एका दुपारी त्यांनी धुतलेला सदरा घातला आणि मालकांचं घर गाठलं.

मालक बाहेरच्या खोलीत एकटेच बसले होते. मिस्त्री बसले नाहीत.

"साहेब, ती रेघ मला दिसली होती."

मालकांनी वर पाहिलं. "कसली रेघ?"

"आर्मवर. खडूत. मी पुसली, परत टाकली. तिने विचारलं पास का, मी पास म्हणालो. गाडी पळताना बघायची होती मला."

आतल्या खोलीत कपाट उघडल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा.

"कुणाला सांगितलंत?"

"कुणालाच नाही. बायकोलाही नाही. आता त्या अधिकाऱ्यांकडे जातो."

"नाही जायचं." मालकांचा आवाज खाली आला. "तिची आई रोज उठून नशिबाला शिव्या देते. त्यावर तिचा दिवस निघतो. उद्या तिला कळलं की माणसाने बघितलं होतं आणि माणूस गप्प बसला, तर ती कशावर जगेल? तुम्हाला बोलून मोकळं व्हायचंय, मिस्त्री. मी नाही होऊ देणार."

"साहेब, मला पेलवत नाही हे."

"मग न पेलवता उचला. आणि शेडची किल्ली ठेवून जा. तुमचं तोंड मला पुन्हा बघायचं नाही."

मिस्त्रींनी किल्ली टेबलावर ठेवली. ते वळले तोच आतला पडदा सरकला आणि मुलीची आई बाहेर आली. केस न विंचरलेले, डोळे सुजलेले.

"मिस्त्री! मला वाटलंच तुमचा आवाज आहे. असे उभ्या उभ्या निघालात होय? बसा."

"नको वहिनी, मी..."

"बसा म्हणते ना. मुलीसारखा जीव लावलात तुम्ही तिला. ह्यांना काही विचारलं की उठून जातात. मी तर त्या दिवशी गेलेच नव्हते, मला तो आवाज सहन होत नाही. तुम्ही होतात ना तिथे?"

मिस्त्रींनी मालकांकडे पाहिलं. मालक खिडकीकडे तोंड करून बसले होते.

"होतो," मिस्त्री म्हणाले.

"मग सांगा की. कशी चालवली तिने?"

मिस्त्री खुर्चीच्या कडेवर टेकले. मग त्यांनी सांगितलं, की पहिल्या फेरीत ती जपून होती, इंजिन गरम व्हायची वाट बघत होती. दुसऱ्या फेरीपासून वळणाच्या अलीकडे ती गिअर कसा अलगद उतरवत होती. चौथ्या फेरीत एक लाल गाडी तिने बाहेरच्या अंगाने मागे टाकली आणि कठड्यावरची माणसं टाळ्या वाजवायला लागली. सांगता सांगता त्यांचा हात आपोआप वळण घेऊ लागला. सहाव्या फेरीत तिने हात उंचावला, तेही सांगितलं.

"हसत होती?"

"हसत होती."

मिस्त्री थांबले. आईने पदराने तोंड पुसलं, खुर्ची आणखी जवळ ओढली आणि म्हणाली, "मिस्त्री, परत सांगा. पहिल्यापासून."

मालकांची पाठ हलली नाही. मिस्त्रींनी पहिल्या फेरीपासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.