काचवाल्याच्या मांडीतली म्हातारी

पाण्याचा पेला हाताशी असताना घंटी वाजवणाऱ्या माणसाला काय म्हणावं, ते तुम्हीच सांगा. आमचा काचवाला रोज हेच करतो. त्याच्या बायकोने पलंगाच्या दांडीला एक पितळी घंटी बांधून दिली आहे. ती वाजली की पाणी येतं, उशी येते, काहीतरी गोड येतं. फक्त त्याचे पाय जमिनीवर येत नाहीत.

मित्रांनो, माझ्या जिभेला धार आहे म्हणून बिचकू नका. मी एक जुनी तंतुकणिका आहे. मायटोकॉन्ड्रिया म्हणतात ना, तीच. काचवाल्याच्या उजव्या मांडीतल्या एका पेशीत माझा संसार आहे. डोळ्यांना मी दिसायची नाही, आणि शिक्षण म्हणाल तर पाटीला कधी हात लागला नाही. पण हा माणूस लहानपणी दुडुदुडु धावला तो कोणाच्या जिवावर, ते मला विचारा.

आमचं जगणं तुमच्यासारखं नसतं. आम्ही एकीच्या दोघी होतो, दोघींची एक होतो. थकलेली मोडीत जाते, तिच्या जागी दुसरी उभी राहते. त्यामुळे आजी कुठे संपली आणि मी कुठे सुरू झाले, ते मलाही सांगता येणार नाही. एक मात्र पक्कं, आम्ही आईकडूनच येतो. बापाकडून नाक येईल, आडनाव येईल, आम्ही येत नाही. काचवाल्याची आई कधीच गेली, पण तिची चूल त्याच्या मांडीत मी पेटती ठेवली आहे. त्याच्या मुलीत आमची एकही नाही, तिथे सूनबाईच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या माहेरचं राज्य. चालायचंच. म्हणजे या माणसाबरोबर आमची ही फांदी संपणार. त्याच्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या अंगात मात्र आमच्या सख्ख्या बहिणी अजून नांदतात.

आता माझं काम ऐका. तुम्ही खाल्लेल्या घासातून शेवटी इलेक्ट्रॉन नावाचे बारीक कण माझ्यापर्यंत येतात. माझ्या आतल्या भिंतीत हातांची एक रांग आहे. बांधकामावर घमेली पुढे सरकवतात, तसे ते कण या हातातून त्या हातात जातात. त्या जोरावर एक चाक फिरतं आणि चाकावर ऊर्जेच्या पुड्या तयार होतात. रांगेच्या शेवटी ऑक्सिजन बसलेला असतो. त्याला चार कण नीट वाढले की तो पाणी होऊन निमूट निघून जातो. पण रांगेच्या मधेच एखादा कण हातातून निसटला आणि जवळून जाणाऱ्या ऑक्सिजनने तो एकटाच उचलला, की तो अर्धपोटी पाहुणा पिसाळतो. दिसेल त्याला ओरबाडतो. शिकलेली माणसं त्याला सुपरऑक्साइड म्हणतात, आणि त्याच्यासारख्या सगळ्या भाऊबंदांना मिळून क्रियाशील ऑक्सिजन. मी आपली ठिणगी म्हणते.

ठिणग्या माझ्याच घरात उडतात, हे मी लपवत नाही. चूल म्हटली की ठिणगी आलीच. त्यासाठी आमच्याकडे राखणदार आहेत. एक जण ठिणगीचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतो, जखमेवर ओतलं की फेसाळतं ते. दुसरा त्याचं साधं पाणी करून टाकतो. आणि थोड्या ठिणग्या हव्यातच बरं का. त्या उडाल्या की पेशीच्या केंद्रकाला निरोप जातो, काम वाढलंय, राखणदार वाढव.

काय दिवस होते ते. मोठी काच लिफ्टमध्ये मावत नाही, म्हणून हा ती बगलेत धरून जिने चढायचा. मान ताठ, पाठ ताठ. वस्तीत त्याला सगळे सरळ्या म्हणायचे. लोक म्हणत, काय दम आहे या माणसाच्या छातीत. कौतुक छातीचं, मांडीचं नाव कोणी काढलं नाही. पण मी खूश होते. पुडी तयार झाली की उचलली जायची, चाक गरगर फिरायचं, रांगेतल्या कोणाचा हात तुंबलेला नसायचा.

मग एका इमारतीत जिन्याच्या वळणावर ओल्या पायरीवरून त्याचा पाय सरकला. पठ्ठ्याने दोन्ही हातांनी काच वर धरली आणि स्वतः खाली गेला. काच वाचली, मांडीचं हाड मोडलं. भेटायला येणारे त्या काचेचंच कौतुक करून गेले.

हाड जुळलं. प्लास्टर निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, आता पाय टेकव, घरातल्या घरात रोज चाल, नाहीतर जिना विसर. याने मान हलवली आणि घरी येऊन पलंग धरला. दुखण्याला तो भीत नव्हता. पुन्हा पडण्याला भीत होता. आणि बायकोला दोष तरी कसा द्यावा? जन्मभर काच वाहणारा माणूस तिला आता काचेचाच वाटू लागला होता.

तुम्हाला वाटेल, चला, म्हातारीला विसावा मिळाला. मित्रांनो, इथेच सगळे फसतात. घास तर येतच राहिले, पण पुड्या न्यायला कोणी येईना. चाक अडलं. रांग तुंबली. प्रत्येक हातात भरलेलं घमेलं आणि पुढे सरकायला जागा नाही. मग सांडणार नाही तर काय? जिने चढताना उडाल्या नसतील इतक्या ठिणग्या रिकामं बसल्यावर उडाल्या. राखणदार थकले. माझ्याच भिंती होरपळल्या, शेजारणी एकेक करून मोडीत गेल्या. मांडी इतकी वाळली की पायजम्याचा पाय दांडीवर वाळत घातल्यासारखा लोंबायला लागला. तो पाहून काचवाला उसासा टाकायचा, आई असती तर. अरे, मी कोण आहे?

अशात ताई आली. इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी पिळून पिळून तिचे हात दोरखंडासारखे झाले आहेत. तिने भावाचा पाय पाहिला, घंटी पाहिली. स्वयंपाकघरात गेली, सुरीचं टोक घातलं आणि तिथल्या खिडकीच्या काचेवरची लाकडी पट्टी सैल केली. सूनबाई घाबरली.

"वन्सं, काच पडेल ना."

"पडत नाही. खालची पट्टी तशीच आहे. नुसती वाजेल."

दुपारी वारा सुटला आणि काच वाजायला लागली. खडखड, खडखड. काचवाल्याने घंटी वाजवली. सूनबाई दारात आली आणि म्हणाली, वाजू दे की, सगळ्यांच्याच घरी वाजतात. त्याने कानावर उशी दाबली. खडखड उशीतूनही ऐकू आली. काचेच्या दुकानातून कोणाला तरी बोलवा म्हणाला. ताईने आतूनच सांगितलं, "कोपऱ्यावरच्या काचवाल्याला निरोप धाडते. हात तुझ्यापेक्षा बरा आहे म्हणतात."

हे मात्र त्याला लागलं. पलंग करकरला, आणि इतक्या दिवसांनी माझ्या दारावर थाप पडली. पुड्या दे, लवकर दे. मी होतं नव्हतं तेवढं बळ लावलं. अडलेलं चाक हललं, तुंबलेली रांग पुढे सरकली. भिंत धरत, खुर्ची धरत तो खिडकीपाशी पोचला, अंगठ्याने पट्टी दाबून बसवली, बारीक खिळे मागितले आणि ठोकले. काच गप्प झाली. मग त्याला पट्टीवर सुरीचा ताजा ओरखडा दिसला. त्याने वळून ताईकडे पाहिलं. ती त्याच सुरीने कांदा चिरत होती.

तो धापा टाकत स्टुलावर बसला. सूनबाई पाण्याचा पेला घेऊन धावली आणि मधेच थांबली. तिचे डोळे भरले होते. तिने पेला समोरच्या ओट्यावर ठेवला आणि पाठ फिरवली. काचवाल्याने सवयीने हात उचलला. तिथे घंटी नव्हती.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या तुमच्याही अंगात आहेत. त्यांना कामाला लावत जा, बसवून लाडावू नका. आता जरा बाजूला व्हा, मला याच्याशी बोलायचं आहे.

"ऐक रे सरळ्या. काच फुटली असती तर दुसरी कापून मिळाली असती. मी तुझ्या आईची आहे, मला तू कुठून कापून आणणार? तू भित्रा नाहीस, नुसता तुंबला आहेस. ऊठ, पाणी घे. तू पाय टाक, मी आहे."