फेब्रुवारीतले खेळाडू

केस्टन गावच्या बर्फाच्या रिंकमध्ये शिरले की डाव्या भिंतीवर थ्रेशर्स या आमच्या आइस हॉकी संघाचे फोटो ओळीने लावलेले दिसतात. प्रत्येक हंगामाचा एक. हे फोटो फेब्रुवारीत काढतात. जानेवारीत संघासंघांतली मुलांची अदलाबदल बंद होते, त्यानंतर जे उरतात तेच अखेरपर्यंत राहणार, म्हणून छायाचित्रकाराला तेव्हाच बोलवायचे अशी सोयीची रीत पडून गेली आहे. जो मुलगा सप्टेंबरपासून नाताळपर्यंत खेळला, ज्याने गोल केले, दात पाडून घेतले आणि जो जानेवारीत दुसऱ्या गावाला देऊन टाकला गेला, तो फोटोत नसतो. संघाला पन्नास वर्षे झाली आणि इतिहास सांगायची वेळ आली, तेव्हा या गावाने त्या भिंतीकडे पाहिले आणि तिलाच इतिहास मानले. याचा मला अजूनही राग येतो, आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छा नाही.

लेलँड ऑस्टबी आमच्या घरी आला तेव्हा सतरा वर्षांचा होता. बाहेरगावाहून खेळायला येणारी मुले गावातल्या कुटुंबांत राहतात. माझी आई, स्टेफ्का हॅवरिलुक, हिने अशी कितीतरी मुले सांभाळली. सगळी तिला ‘मिसेस एच.’ म्हणत. लेलँड जेवताना माझ्या ताटातली बटाट्याचे सारण भरलेली पेरोगी उचलायचा आणि गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, “रेफरीनं पाहिलं नाही.” मी बारा वर्षांची होते, तो मला जगातला सर्वांत विनोदी माणूस वाटे.

नाताळच्या आधीच्या एका सामन्यात तो डोक्यावर आदळला. परतताना बसमध्ये ओकला. घरी आल्यावर त्याला स्वयंपाकघरातला दिवाही सहन होईना. आईने कोच ड्वेन किलब्राइड यांना फोन लावला. त्यांचा आवाज इतका मोठा होता, की शेजारी उभ्या असलेल्या मला सगळे ऐकू आले.

“त्याला खेळवू नका,” आई म्हणाली.

“डोक्याला जरा हादरा बसलाय, बाई. या वयात बसतातच. तुम्ही त्याला खायला घाला, संघ मी बघतो.”

त्यांनी त्याला खेळवले. तो आता पूर्वीसारखा पळत नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी त्याला उत्तरेकडच्या एका संघाला दिले आणि बदल्यात दोन बचावपटू घेतले. त्याच्या डोक्याबद्दल तिकडे कोणी अवाक्षर काढले नाही. पाय लंगडतो म्हणून सांगून घोडा कोण विकतो? तिथल्या पहिल्याच सामन्यात त्याला पुन्हा धक्का बसला. धक्का साधाच होता, असे पाहणारे म्हणाले. पण लेलँड उठला नाही.

ज्याच्या बदल्यात मुलगा येतो त्याचाच बिछाना नव्या मुलाला द्यायचा, अशी आमच्याकडची पद्धत. त्यामुळे नवे घर शोधावे लागत नाही. लेलँड सकाळी उत्तरेच्या संघाकडे गेला, आईने दुपारी चादर बदलली आणि संध्याकाळी त्या दोन बचावपटूंपैकी एक, ब्रेंट मॅकअस्किल, दारात उभा राहिला. सोळा वर्षांचा, घाबरलेला, कोबीच्या पानांत भात गुंडाळलेली डोलमी आवडीने खाणारा. त्या वसंतात थ्रेशर्सनी करंडक जिंकला. त्या वर्षीच्या फोटोत ब्रेंट पहिल्या रांगेत गुडघ्यावर बसला आहे.

लेलँड वाचला, पण पूर्वीसारखा राहिला नाही; दोन वर्षांनी तो आमच्याकडे परतला. त्याच्या वडिलांना शेत आणि तो, दोन्ही झेपेना. तेव्हापासून तो आमच्या तळघरातल्या खोलीत राहतो. सावकाश बोलतो, शब्द शोधतो, जिना उतरताना कठडा सोडत नाही. त्या डिसेंबरातले त्याला काहीही आठवत नाही. पन्नासाव्या वर्षाच्या सोहळ्याची बातमी त्याने रेडिओवर ऐकली आणि बूट पुसायला काढले. समारंभात बर्फावर गालिचा अंथरून एकेका जुन्या खेळाडूचे नाव पुकारणार होते. ज्या घरी तो राहिला त्या घरच्या बाईचा हात धरून त्याने चालत जायचे, आणि शेवटी उभ्या असलेल्या किलब्राइड यांच्याशी हस्तांदोलन करायचे. त्यानंतर रिंकला त्यांचेच नाव द्यायचे ठरले होते.

“माझं नाव कधी येईल?” लेलँड रोज विचारी. आई म्हणे, “येईल.” मग माझ्याकडे बघत नसे.

सोहळ्याच्या आदल्या दिवशी रिंकच्या स्वयंपाकघरात आम्ही बायका जेवणासाठी पेरोग्या भरत होतो. ब्रेंट कॉफीच्या निमित्ताने आत आला. आता तो बियाण्यांचा व्यापारी आहे आणि सोहळ्याच्या समितीचा अध्यक्ष.

“मिसेस एच., तुमच्याशिवाय या गावाचं पान हलत नाही बघा.”

“लेलँडला सांगितलंस का?”

ब्रेंट कपात साखर ढवळत राहिला. “फोटोत आहेत तेच बोलवायचे ठरलंय. एकाला घेतलं की जानेवारीत गेलेली सगळी मागे लागतील.”

“लागू देत. खेळली नव्हती का ती?”

“ब्रेंट,” शेजारची हिल्डा वोल्बेक म्हणाली, “त्या हंगामात तू जास्त खेळलास की तो?”

“तो.”

“आणि बरं कोण खेळायचं?”

“तोच, हिल्डामावशी. झालं समाधान?” बायका हसल्या, तोही हसला. आई हसली नाही.

“खरं काय ते बोल,” ती म्हणाली.

ब्रेंटने कप खाली ठेवला. “कोच थकलेत. आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करायला जातात. एक संध्याकाळ त्यांना सुखानं मिळू दे. लेलँड समोर आला की लोक कुजबुजणार.”

“इतकी वर्षं कुठं कुजबुजले? आता कुजबुजू देत की.”

“कोणी मुद्दाम नाही केलं ते. तेव्हा कुणाला काय कळत होतं?”

“मी फोन केला होता.” आईने लाटणे इतके दाबले की पोळी फाटली. तिने ती गोळा करून पुन्हा मळायला घेतली. “तू त्याच्या बदल्यात आलास. त्याच्या उशीवर झोपलास. मी तुला त्यावरून कधी एक शब्द बोलले?”

“नाही.”

“आता बोलते.”

“मी काय करणार होतो? मलाही कुणीतरी देऊनच टाकलं होतं ना. मला विचारलं होतं का कुणी?”

आईचे हात थांबले. त्याचे म्हणणे खरे होते, आणि ते खरे असल्यामुळेच तिचा राग वाढला असावा.

“म्हणून तर तुला कळायला पाहिजे होतं,” ती म्हणाली. “दुसऱ्या कुणाला नाही कळलं तरी.”

जाताना दारात थांबून त्याने विचारले, “उद्या माझ्याबरोबर चालणार ना?”

“पीठ वाळतंय,” आई म्हणाली.

शनिवारी संध्याकाळी सगळे रिंक भरले होते. आईने लेलँडला माझ्या वडिलांचा कोट घालून आणले होते. बर्फावर उघडणाऱ्या फाटकाशी ब्रेंट उभा होता. त्याने लेलँडला पाहिले, आईला पाहिले. निवेदकाने नाव पुकारले: “ब्रेंट मॅकअस्किल.” ब्रेंटने हात पुढे केला. आईने लेलँडचा हात धरला आणि गालिच्यावर पाऊल टाकले.

लोकांनी टाळ्या सुरू केल्या आणि मग त्या विरत गेल्या. निवेदकाने ब्रेंटचे नाव पुन्हा घेतले. गालिच्याच्या मध्यावर आई थांबली.

“नाव चुकलंय,” ती मोठ्याने म्हणाली. “बरोबर नाव घेतल्याशिवाय आम्ही हलणार नाही.”

निवेदकाने फाटकाकडे पाहिले. मी रिंकभोवतीच्या फळ्यांना टेकून उभी होते. ब्रेंटचा चेहरा मला स्पष्ट दिसत होता. तो लाल झाला होता, लाजेने की संतापाने हे मला सांगता येणार नाही. त्याने निवेदकाकडे जाऊन त्याच्या कानात काहीतरी सांगितले.

“लेलँड ऑस्टबी,” निवेदक म्हणाला. हंगाम नाही, जर्सीचा क्रमांक नाही. काहींनी टाळ्या वाजवल्या. पुष्कळांनी आपापल्या बुटांकडे पाहिले.

लेलँड मात्र उजळून गेला होता. गालिच्याच्या टोकाशी त्याने किलब्राइड यांचा हात दोन्ही हातांत घेतला. “कोच,” तो म्हणाला, आणि पुढचा शब्द शोधत राहिला. “मला... घेतलंत. आभार.”

“छान, बाळ, छान. कुठल्या वर्षीचा तू?” त्यांनी खरेच ओळखले नव्हते.

मग त्यांनी आईपुढे हात केला. आईने तो घेतला नाही.

“मी तुम्हाला फोन केला होता,” ती म्हणाली. “त्याला खेळवू नका म्हणून.”

“फार वर्षं झाली, बाई. आठवत नाही.”

“त्यालाही आठवत नाही. तुम्ही दोघं सुखी आहात.”

आणखी काही म्हणायचे तिच्या मनात होते. मानेची शीर ताठ झालेली मला दिसत होती. पण मागून पुढचे नाव पुकारले गेले, टाळ्या पुन्हा जोरात सुरू झाल्या आणि गालिचा मोकळा करावा लागला. लेलँडने तिचा हात घट्ट धरला आणि तिला कडेच्या ओल्या बर्फापासून दूर ओढले.

“जपून, मिसेस एच.,” तो म्हणाला. “पडाल.”