घराचा लोड

मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत लाईट कोण घालवायचं, तर सुगंधाकाकूंचं खोबऱ्याचं वाटप! वाटप कशाला, खरं तर त्यांच्या लेकाचं, सुयोगचं ते मशीन. पण मिक्सर फिरला की खटका पडायचा, आणि खापर फुटायचं बिचाऱ्या खोबऱ्यावर.

मशीन म्हणजे एक कॉम्प्युटरच. पडदाबिडदा काही नाही, नुसती पंख्यांची रांग. रात्रंदिवस आकडेमोड करून म्हणे क्रिप्टोची नाणी कमवायचं. नाणी काकूंना कधी दिसली नाहीत. पण नोकरी गेल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडलेला त्यांचा पोरगा ते मशीन आल्यावर उठून बसला, शिट्ट्या मारायला लागला, आईची टिंगल करायला लागला. आईला आणखी काय हवं हो? काकूंनी देवापुढे साखर ठेवली.

काकूंचे यजमान काशीरामकाका मात्र भडकलेले. मॅच ऐन रंगात असताना अंधार झाला, तेव्हा त्यांनी जाहीरच केलं, "पुन्हा एकदा लाईट गेली ना, की हे धूड भंगारात!" आणि काका एकदा बोलले की बोलले.

झालं! काकूंचा मिक्सर फडताळात गेला. भाजलेलं खोबरं पदराखाली घ्यायचं, समोरच्या सुहासिनीच्या मिक्सरवर वाटून आणायचं, असा चोरटा धंदा सुरू झाला. "काकू, खोबरंच आहे ना? की सोनं?" सुहासिनी चिडवायची. पण असं किती दिवस रेटणार? शेवटी काकूंनीच अंबादास वायरमनला बोलावलं.

अंबादासने बोर्ड उघडला आणि कपाळाला हात लावला.

"मशीनचा पॉवर सप्लाय दणकट आणलास रे," तो सुयोगला म्हणाला, "पण जोडलास कुठे? फ्रिज आणि मिक्सरच्याच लाईनवर! एवढ्याशा वायरीने कोणाकोणाचं पोट भरायचं?" मग काकूंकडे वळून त्याने विचारलं, "काकू, घराचा लोड किती आहे?"

त्याला म्हणायचं होतं, वीज कंपनीने मंजूर केलेला भार. काकूंना वाटलं, जन्मात पहिल्यांदा कोणीतरी आपली विचारपूस करतंय.

"लोड? काय विचारतास! सगळो लोड माझ्याच डोक्यार हा! नोकरी गेल्यापासून माझो झील, ह्यो सुयोग, हसाक विसारल्लो. मशीन इला नि हसूक लागलो. ह्येंका मशीन नको, म्हणान मी चोरासारख्या दुसऱ्याच्या मिक्सरार वाटप वाटतंय!"

आतल्या खोलीतला टीव्ही बंद झाला. काका बाहेर आले, आणि काकूंनी जीभ चावली. वाट लागली! आता गेलंच मशीन!

"अंबादास," काका म्हणाले, "मीटरपासून मशीनला वेगळी जाड वायर टाक. लोड वाढवायचा अर्ज मी करतो." मग बायकोकडे न बघताच पुटपुटले, "इतक्या माका आधी सांगूक काय झाला?"

अर्ज मंजूर झाला, वायर पडली. रविवारी मशीन चालू, फ्रिज चालू, टीव्ही चालू. काकूंनी देवाचं नाव घेतलं, डोळे मिटले आणि मिक्सरचं बटण दाबलं. मिक्सर घरघरला. लाईट जागच्या जागी! "झकास!" सुयोग ओरडला आणि काकांना धरून हॉलमध्ये नाचायला लागला.

एवढ्यात मिक्सर थांबला.

"गेली काय गो?" काका दचकले.

"लाईट खंय गेली? मीच बंद केलंय," काकू पदराने डोळे टिपत म्हणाल्या. "झील हसता हा. ह्या घरघरीत माका आयकाक येय नाय."