तेजाची पुडी

रविवारी सकाळी इंद्रपुरीच्या मैदानावर भोपाळचे निम्मे गुडघे जमत. येताना कण्हत, पुढच्या खेपेला टुणटुणीत. माइकसमोर चूर्णाच्या पुड्या विकणारे पुडीबाबा.

"माई, सौ टका जड़ी-बूटी! हिमालय से चली, इटारसी होते हुए सीधी आपके घुटने में!"

हिमालयातून भोपाळला येताना दक्षिणेचं इटारसी लागतं, हे मला नवीन होतं. पण आमच्या अलकाच्या, म्हणजे बायकोच्या, गुडघ्याला भूगोलाशी कर्तव्य नव्हतं. जिना बघून सुस्कारे टाकणारी ही बाई पुडी सुरू केल्यावर आठवड्यात गच्चीवर पापड वाळत घालून आली. मी शंका पापडाबरोबर गिळली. पापड चांगले होते.

काही महिन्यांत तिच्या चेहऱ्यावर तेज आलं. गाल गोल, लालबुंद. शेजारच्या कल्पनावहिनींनाही आलं. हळूहळू अख्खं भजनी मंडळ सख्ख्या बहिणींचं दिसू लागलं. बाबा म्हणाले, "देखा? अंदर का तेज बाहर आ रहा है!"

मग चातुर्मास लागला. आमच्या नागपूरकडच्या घराण्यात चातुर्मासात सगळ्यांत आवडती वस्तू सोडायची रीत आहे. अलका दरवर्षी वांगं सोडते. यंदा देवापुढे हात जोडून म्हणाली, "पुडी सोडली!"

"अगं, वांगं सोड की."

"वांग्यावर आता तेवढा जीव नाही हो. देवाला फसवू?"

चार दिवसांत ती अंथरुणाला खिळली. उलट्या, चक्कर, उठून बसवेना. कल्पनावहिनी धावत बाबांकडे जाऊन आल्या. "भाऊजी, पुडीचा कोप आहे म्हणे!"

मी भाचीला फोन केला. ऋतुजा डॉक्टर आहे. तिने मामीचा रक्तदाब पाहिला, गोल चेहरा पाहिला, उरलेली पुडी खिशात टाकली आणि आम्हाला तडक इस्पितळात नेलं. सलाइन लागलं, इंजेक्शन झालं. संध्याकाळी अलकाने डोळे उघडून विचारलं, "गॅस बंद केलात ना?" बायको वाचल्याचं मला तेव्हा कळलं.

पुडीचा तपासणी अहवाल आला, त्या रविवारी ऋतुजा थेट मैदानावर. "या पुडीत स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घातल्यात!"

बाबा हसले. "बेटी, ये विज्ञान से परे है."

"मग प्रयोगशाळेत स्टेरॉइड सापडलं कसं?"

"पण गुडघे थांबले ना गं दुखायचे?" कल्पनावहिनी कुरकुरल्या.

"दुखणं दबलं, काकू. औषध वाईट नाही. दम्याला, संधिवाताला मीही देते. पण मोजून, तपासण्या करून. आपलं शरीर असंच एक रसायन स्वतः बनवतं. रोज बाहेरून डबा येऊ लागला की घरची चूल विझते. डबा एकदम बंद झाला की उपासमार! मामीचं तेच झालं."

"आणि तेज?"

"औषधाने गालांवर चढलेली चरबी. रक्तातली साखरही वाढते याने, सगळ्या जणी तपासून घ्या."

"फेका पुड्या तलावात!" कुणीतरी गरजलं.

"थांबा!" ऋतुजा ओरडली. "एकदम बंद कुणीही करायचं नाही! आधी दवाखान्यात या. तिथे खरी गोळी देऊन हळूहळू कमी करू."

गर्दी दवाखान्याकडे वळली. तेवढ्यात बाबा अंतर्धान पावले. पोलिसांना सापडले इटारसी स्टेशनवर. म्हणजे हिमालयाकडेच निघाले असावेत.

आता अलकाचा चेहरा तिचा तिला परत मिळतोय. गुडघा थोडा दुखतो, ती कठडा धरून चढते. आणि उरलेल्या चातुर्मासापुरतं पुन्हा वांगंच सोडलंय.

बाकी आठ महिने वांगी घेताना ती देठ पाहते, दाबून पाहते, कीड नाही ना म्हणून भाजीवाल्याची उलटतपासणी घेते. पुडी मात्र 'आत काय आहे?' एवढंही न विचारता गिळली. मंडळी, वांग्याला लावता तेवढी अक्कल औषधालाही लावा. त्याहून जास्त मागत नाही.