देवचाराचं पान

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी रत्नप्रभाच्या दारात येऊन जो उभा राहिला, तो माणूस नव्हता.

ती उंबऱ्याशी विळी घेऊन मांदेली साफ करत बसली होती. ताटलीवर सावली पडली. शेजारची प्रेमा रांगेतून परत आली असेल, असं वाटून तिने मान वर न करताच विचारलं,

"गावलं का गं रॉकेल?"

उत्तर आलं नाही, तेव्हा तिने वर पाहिलं. दाराच्या चौकटीपेक्षा हातभर उंच, वाकून उभं असलेलं काहीतरी होतं. कालवाच्या शिंपलीची आतली बाजू असते तशी कातडी, राखाडी आणि ओलसर चमकणारी. अंगाभोवती ताडपत्रीसारखं कापड घट्ट गुंडाळलेलं. डोळे होते, दोनच होते, पण गालाच्या जागी होते, आणि ते मिटत नव्हते. गरम इस्त्रीचा येतो तसा वास येत होता.

रत्नप्रभा ओरडली नाही. ओरडायला श्वास लागतो, तो तिच्याकडे त्या क्षणी नव्हता. हातातली मांदेली तिने कधी मुठीत आवळली आणि तिचा कधी लगदा झाला, हे तिला कळलं नाही.

"नमस्कार," तो म्हणाला. "आपण घाबरू नये. येत्या चोवीस तासांत हवामान कोरडं राहील."

आवाज ओळखीचा होता. आवाज म्हणजे बोलण्याची ढब. रोज संध्याकाळी ट्रान्झिस्टरवर बातम्या देणारा माणूस बोलतो, तसं एकेक अक्षर सुटं करून तो बोलत होता.

विक्रोळीच्या पूर्वेला, हमरस्ता ओलांडून खाडीकडे जाणाऱ्या गल्लीतली ही शेवटची खोली. पुढे बांध, बांधापलीकडे तिवरं आणि चिखल. एरवी या वेळी गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. पण दहा दिवसांनी रॉकेलची गाडी आली होती आणि झाडून सगळ्या बायका डबे घेऊन रेशन दुकानावर गेल्या होत्या. रत्नप्रभाची सासू सोनूबाईही सकाळपासून तिकडेच होती. नवरा धाकू कंपनीच्या गेटवर दुसऱ्या पाळीला. हाक मारली असती तरी ओ द्यायला कुणी नव्हतं.

"बांधावर अन्न ठेवणारा हात आपलाच का?" त्याने विचारलं.

रत्नप्रभाने मान हलवली. हो म्हणायचं होतं की नाही, हे तिने ठरवलं नव्हतं.

ब्याऐंशीच्या संपात धाकूची गिरणी गेली, पुढच्या वर्षी लालबागची खोली गेली आणि तिघं इथे आली. त्याच आठवड्यात सोनूबाईने सुनेला सांगितलं होतं की जागा कुणाची असेल ती असो, जागेला राखणदार असतोच. गावी मालवणाकडे त्याला देवचार म्हणतात. त्याला न विचारता चूल मांडली तर घर धरत नाही. तेव्हापासून दर अमावास्येला, दिवेलागणीला, रत्नप्रभा बांधाच्या टोकाला केळीच्या पानावर भात, वर डाळ आणि भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा ठेवून मागे न बघता परत येत असे. सकाळी पान रिकामं असे. सोनूबाई हात जोडे. धाकू म्हणे, "देवचार भुंकतो वाटतं रात्री."

"ते आम्ही खाल्लं," दारातला म्हणाला. "खारट मासा फार चांगला होता."

मग तो खाली बसला. बसला म्हणजे घडीची खुर्ची मिटते तसा मिटला, आणि त्याचे डोळे तिच्या डोळ्यांच्या पातळीला आले. त्याने जे सांगितलं ते थोडक्यात सांगितलं. त्यांची भूमी जळाली. त्यांचा सूर्यच फुगत गेला आणि एका ऋतूत सगळं संपलं. जे उरले ते जहाजांत बसले. ही जहाजं पाण्यावरची नव्हेत, वरची. तो स्वतः जहाजात जन्मला, त्याची आई जहाजात जन्मली, तिचीही. वाटेत भूमी लागल्या. पण त्यांच्यात भूमी मागत नाहीत. मागून मिळालेली जागा कधीतरी परत मागितली जाते, असं त्यांचे जाणते सांगून गेले होते. ज्या भूमीवर कुणी न मागता, न सांगता, आपण होऊन वाटेत अन्न ठेवील, तिथेच थांबायचं. तोवर चालत राहायचं.

"आमच्यातला एक जण इथे पाणी बघायला उतरला होता. त्याला पान दिसलं. आम्ही पुढच्या काळोखाची वाट पाहिली. पुन्हा पान होतं. एकदा पुरतं, तरी आम्ही सावध लोक आहोत. तीन वर्षं पाहिलं. आता उतरायचं ठरलं आहे. उतरण्याआधी हात बघायची रीत आहे, म्हणून मी आलो."

त्याने दोन्ही हात पुढे केले. लांब, दोनच बोटांचे. रत्नप्रभाने आपले खवल्यांनी माखलेले हात पदराखाली लपवले.

ती बाई खोटं बोलणाऱ्यातली नव्हती. आणि देवाधर्माच्या बाबतीत तर मुळीच नाही. देवचाराच्या नावाचं पान दुसऱ्याच्या नावावर जातंय आणि आपण गप्प बसतोय, या कल्पनेनेच तिच्या अंगावर काटा आला. इतका वेळ न फुटलेला आवाज एकदम फुटला.

"ते तुमच्यासाठी नव्हतं ओ."

तो हलला नाही.

"देवचारासाठी होतं ते. राखणदारासाठी. जागेचा मालक असतो ना, त्याच्यासाठी. तो दिसत नाही. सासू सांगते म्हणून मी ठेवते. मला काय माहीत तुम्ही... मला खरंच माहीत नव्हतं."

"म्हणजे ते दुसऱ्याचं अन्न होतं."

"हो."

त्याच्या कातडीवरची चमक गेली. दिव्यावरची काच काजळते तशी ती गळ्यापासून खाली काळपट होत गेली. गल्लीच्या तोंडाशी एक कुत्रं आलं आणि न भुंकता परत फिरलं.

"आम्ही पाणी सोडून दिलं," शेवटी तो म्हणाला.

"कसलं पाणी?"

"आमच्या समुद्राचं. निघताना भरून घेतलं होतं. मूल जन्मलं की त्याला त्यात बुडवून काढतात, मग ते आमचं होतं. भूमी मिळाली की जुनं पाणी सोडायचं असतं. दोन पाणी ठेवत नाहीत. मागच्या काळोखाच्या दुसऱ्या रात्री सगळ्या जहाजांनी सोडलं. ते बाहेर पडल्याबरोबर गोठतं. खालून दिसलं असेल."

दिसलं होतं. त्या एप्रिलात सगळी विक्रोळी धूमकेतू शोधत होती. शाळामास्तरांपासून पानवाल्यापर्यंत जो तो रात्री आकाशाकडे बोट दाखवी आणि कुणालाच काही दिसत नसे. त्या रात्री मात्र खाडीवर पांढरीशुभ्र धार उमटली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि हळूहळू पसरत विरली. अख्खी गल्ली बांधावर धावली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. धाकू म्हणाला, "झकास! पैसे वसूल!" रत्नप्रभाने टाळ्या वाजवल्या होत्या. प्रेमाचा हात धरून, उड्या मारत वाजवल्या होत्या.

तिने पदराखालून हात काढून गुडघ्यांवर ठेवले.

"किती जण आहात?"

"आता चाळीस हजार. काही पोटात आहेत."

"मग राहा," ती म्हणाली. "मी सांगते ना. मी म्हणते राहा. आता ठेवते पान, हे मासे घेऊन जा..." तिने ताटली उचलून पुढे केली.

त्याने ती घेतली नाही. रागाने नाही, एखाद्या लहान मुलाने आपलं खेळणं देऊ केलं तर मोठा माणूस हळूच मागे सरकवतो, तशी त्याने ती मागे सरकवली.

"आता आपल्याला कळलं. कळल्यावर दिलेलं, ते मागितल्यासारखंच. चालत नाही."

"मघाशी दिलं असतं तर? तुम्ही आलात तेव्हा?"

"मघाशी आपल्याला काही माहीत नव्हतं," तो म्हणाला. "मघाशी पाणी दिलं असतं, तरी झालं असतं."

रत्नप्रभाने मागे वळून पाहिलं. माठ दारापासून दोन हातांवर होता. तांब्या त्याच्यावर पालथा. तिच्या माहेरी, सासरी, कुठेही, दारात आलेल्या माणसाला आधी पाणी विचारत. लाईटचं बिल घेऊन येणाऱ्याला विचारत. परवा कोपरीतून कुणीतरी चुकून पत्ता विचारत आलं, त्यालाही तिने भरला तांब्या दिला होता. आणि आज तिला काय झालं होतं? ती घाबरली होती, एवढंच. माणूस नाही म्हणून पाणी विचारायचं सुचलं नाही.

"आता कुणीच नाही का?" तिने विचारलं. "दुसऱ्या कुणी दिलं तर?"

"ज्याला माहीत नाही त्याने. पण सांगून नव्हे. खुणेनेही नव्हे. सूर्य बुडाला की मला वर उत्तर न्यायचं आहे. तोपर्यंत इथे बसलो तर चालेल?"

ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. चालेल म्हणायचंही तिला भय वाटलं. त्यात काही बिघडेल की काय, कोण जाणे.

दोघं तशीच बसली. मांदेलीवर माश्या आल्या, तिने हाकलल्या नाहीत. ऊन भिंतीवरून सरकून बांधाकडे गेलं. एकदा तिने विचारलं की वर काय खाता, तेव्हा त्याने शेवाळ्यासारख्या कशाचं तरी वर्णन केलं, आणि चव कशी असते म्हटल्यावर तो म्हणाला की अन्नाला चव असते हे त्यांना बांगडा खाईपर्यंत ठाऊकच नव्हतं. चव नसणं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं. ती हसली नाही. तिला रडू आलं, आणि ते तिने नाकातून आत ओढलं.

साडेसहाच्या सुमाराला सोनूबाई आली. कमरेवर पाच लिटरचा डबा, डोक्यावर पदर, आणि तोंडाचा पट्टा लांबूनच चालू.

"गावला एकदाचा! तो मेलो दुकानवालो, माप मारता तां मारताच, वर माका म्हणता म्हातारे सरक. उन्हात उभी रवान डोका धरला माझा..."

ती थांबली. डबा कमरेवरून जमिनीवर आला, पण पडला नाही. तिने तो नीट टेकवला. दारातल्याला तिने पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि परत पायापर्यंत. सोनूबाई भुतांना भिणारी नव्हती. भूत आलं तर त्याचं कूळ विचारील, असं धाकू तिच्याबद्दल म्हणत असे.

"कोण गो ह्यो?"

रत्नप्रभाने तोंड उघडलं आणि मिटलं. तिने डोळेही खाली घातले, त्यांतून काही निसटू नये म्हणून.

"गे रत्ना, तुका इचारतंय. वाचा गेली तुझी?"

रत्नप्रभा ताटलीवरच्या माश्या हाकलू लागली.

सोनूबाईने मोर्चा तिकडे वळवला. "खंयचो रे तू? गाव खंयचो?"

"आमचं गाव राहिलं नाही, आई," तो म्हणाला.

"धरणाखाली गेलो?"

"नाही. आगीत."

"सगळो?"

"सगळा."

सोनूबाईने जिभेने एकदा च्‌ केलं. कपाळावरचा घाम पदराने टिपला आणि पुन्हा एकदा त्याच्या पायांकडे पाहिलं. पाय अनवाणी होते, चिखलाने भरलेले. मग तिने डबा उचलला, त्याच्या अंगाला अंग लागू नये इतपत तिरकी होऊन उंबरा ओलांडला आणि आत गेली. बस म्हणाली नाही. जा म्हणाली नाही. सुनेच्या ताटलीतल्या वाळलेल्या माशांकडे बघून मात्र म्हणाली,

"वाट लावलंस माशांची."

रत्नप्रभा उंबऱ्यावरच राहिली. आत जायला तिचे पाय उठत होते आणि ती ते धरून ठेवत होती. आत गेलं की सासू काही विचारणार, आणि विचारलं की चेहऱ्यावर उमटणार. बांधापलीकडे सूर्य दिसत नव्हता, तो मागे होता, हमरस्त्याच्या बाजूला. पण तिवरांच्या शेंड्यांवरचं ऊन तांबडं झालं होतं आणि चढत चढत अगदी टोकाला आलं होतं. दारातला त्या शेंड्यांकडे बघत होता.

आत रॉकेल ओतल्याचा आवाज झाला. स्टोव्हला पिन मारली गेली. पंपाचे सपासप हात बसले आणि तो फरफरत पेटला. चहा होणार हे नक्की होतं. डोकं धरलं की सोनूबाईला चहा लागतोच.

"रत्ना," आतून हाक आली. "कप कितके काढू गो?"

रत्नप्रभाने पदराचा बोळा करून दातांत धरला.

तो आता तिच्याकडे बघत होता. त्याच्या न मिटणाऱ्या डोळ्यांत काय होतं, ते तिला वाचता येत नव्हतं.

"बहिरी झालंस? कप कितके?"

आत सोनूबाई स्वतःशी काहीतरी पुटपुटली. फळीवरून एक कप खाली ठेवल्याचा आवाज आला. दुसरा आपला, तिसरा निघाला तर त्याचा, असं मनात मोजत रत्नप्रभा स्टोव्हच्या फरफरीत पुढच्या कपाचा आवाज ऐकायला कान लावून बसली.