जुन्या व्हर्जनची दुरुस्ती

झोळीची कडी कुरकुरली आणि दुपारची शांतता मोडली. विशाखाचे हात कीबोर्डावरच थांबले. पिऊ कुशीवर वळली, साडीच्या झोळीतून तिचा एक पाय बाहेर लोंबला, पण डोळे मिटलेलेच राहिले. चार वर्षांची झाली होती पोर. पाय फरशीला टेकायला आला होता. "काढ आता ती झोळी," असं सासूबाई येता-जाता म्हणायच्या. विशाखा हो म्हणायची अन् काढायची नाही. पिऊ दुपारची झोपायची ती फक्त झोळीत, आणि विशाखाला स्वतःचा म्हणून तेवढाच वेळ होता.

नांदेडला कॉलेजात असताना तिनं एक लायब्ररी लिहिली होती. पुस्तकांची नव्हे, दुसऱ्यांना आपल्या सॉफ्टवेअरला जोडून घेता येईल असा प्रोग्राम. जुन्या फॉन्टात टाइप केलेलं मराठी तो मोबाइलवर वाचता येईल असं करून द्यायचा. कुणीही फुकट घ्यावा, वापरावा. लोकांनी घेतला, वापरला, अन् सोडायचं नाव घेईनात. लग्न होऊन ती लातूरला आली, बाळंतपण झालं, नोकरी सुटली. ही मंडळी तेवढी सुटली नाहीत. नवं व्हर्जन पुरं करायला घ्यावं, तर कुणीतरी जुन्यातली चूक दाखवायचं. मग तीच दुरुस्ती दोनदा, एकदा नव्यात, एकदा जुन्यात.

आता हैदराबादच्या एका कंपनीनं विचारलं होतं. घरून काम. मधल्या वर्षांत काय केलंत ते दिसू दे, म्हणाले, नवं व्हर्जन सोमवारी चालवून दाखवा. उद्या रविवार, घर पाहुण्यांनी भरणार. म्हणजे हीच दुपार. तिनं फोन बंद करून पिठाच्या डब्यामागं ठेवला होता. वापरणाऱ्यांसाठी सूचनाही लिहून ठेवली होती: 'जुन्या व्हर्जनची दुरुस्ती आजपासून बंद.' नुसतं बटण दाबायचं राहिलं होतं.

"विशाखा," सासूबाई, धुरपताबाई, दारात उभ्या, हातात स्वतःचा फोन. "व्यंकटी हाय. तुझा लागंना म्हणं."

व्यंकटीमामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. कंधारला तहसीलसमोर त्यांचं टायपिंगचं दुकान. लग्नानंतर पहिल्यांदा भेटायला गेली तेव्हा विशाखानंच हौसेनं त्यांच्या कॉम्प्युटरवर आपला प्रोग्राम बसवून दिला होता.

"सूनबाई, निजलीस का काय?"

"नाही मामा, बोला."

"अगं, नावातल्या मात्राच गळून राहिल्यात. पोरं अर्ज घेऊन हुबी हायती, आजच भरायचेत. साईट म्हणती, नाव जुळंना."

ही चूक नव्यात तिनं कधीच काढली होती. पण नवं व्हर्जन मामांच्या मशीनवर चालतच नव्हतं. ते मशीन तिच्या लग्नाच्याही आधीचं.

"मामा, मशीन जरा नवं..."

"घेऊ की, दिवाळीत घेऊ. पर ही पोरं दिवाळीपस्तोर हुबी ऱ्हातील का?" मागं कुणीतरी हसलं. "आमची सून इंजिनेर हाय म्हणून सांगून बसलोय मी हितं."

धुरपताबाई हलल्या नाहीत. "दे की करून पटकन. घरचंच तर हाय."

पटकन होण्यातलं ते नव्हतं. एक ओळ हलवली की दुसरीकडून मात्रा गळायची. कॉलेजातल्या विशाखानं जागोजागी लिहून ठेवलं होतं, 'हे नंतर नीट करू.' ते वाचून तिला हसू आलं. उन्हाची तिरीप भिंतीवरून सरकत झोळीपर्यंत आली तेव्हा कुठं तिनं दुरुस्ती पाठवली अन् सासूबाईंच्या फोनवर मामांचा फोन आला. "आलं बघ बरोबर. लई झ्याक."

नवं व्हर्जन होतं तिथंच होतं. सूचनाही. 'आजपासून'मधला 'आज' तिनं खोडला. त्या जागी काय लिहावं ते सुचेना.

कडी कुरकुरली. पिऊ जागी होती, झोळीच्या काठावर हनुवटी टेकून केव्हाची बघत.

"कुणाचं काम केलंस?"

"व्यंकटीआजोबांचं."

पिऊ उतरली, मांडीवर चढून बसली, अन् पडद्यावर वरपासून खालपर्यंत बोट फिरवत म्हणाली, "आणि तुझं कुठाय?"