खेळ मोडायचा राहिला

बाईंनी चिमुकली कपबशी उचलायला हात पुढे केला, तसा त्या मुलीने त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"राहू द्या. ह्यांचा चहा व्हायचाय."

शिशुवर्ग केव्हाच सुटला होता. पाच वर्षांची ही मुलगी, सगळे तिला चिंगी म्हणत, खेळाच्या कोपऱ्यात पुठ्ठ्याच्या शेगडीपुढे बसून होती. दारात तिचा बाप उभा होता. वायरमन माणूस, खिशात टेस्टर, डोळे जागरणाने लाल.

"तीन दिवस झाले, बाई," तो हळूच म्हणाला. "चिंगी म्हटलं तर ओ देत नाही. कपड्यांच्या घड्या थेट आईसारख्या घालते. मी जेवेपर्यंत समोर बसून राहते."

आई गेल्या महिन्यात गेली होती. कामावर निघाली आणि रस्ता ओलांडताना ट्रकखाली आली.

चूक बाईंची होती. वर्गाचा नियम होता: खेळ मांडताना सगळ्यांनी 'खोटं-खोटं' म्हणायचं, मोडताना टाळी वाजवून 'खरं-खरं'. मग वाघाचा पुन्हा पोरगा व्हायचा आणि डॉक्टरीणबाईंना शू लागायची. मुख्याध्यापिका याला थेरं म्हणत. शुक्रवारी त्यांनी ऐन खेळात बाईंना ऑफिसात बोलावलं, मागे पालक येऊन मुलांना घेऊन गेले, आणि टाळी राहूनच गेली. त्या दिवशी चिंगी आई झाली होती.

बापाला हे सांगून बाई चिंगीसमोर खाली बसल्या. टाळीसाठी हात वर केले.

"चिंगे, म्हण बरं, खरं..."

मुलीचं लक्षच नव्हतं. रिकामी कपबशी बापापुढे धरून, मान जराशी कलती करून ती म्हणाली,

"घ्या, इंजिनिअरसाहेब. निवतोय."

बाप जागच्या जागी थिजला.

"थांबा, बाई," तो म्हणाला. "हे नाव... दार लावलेलं असलं तरच म्हणायची ती. पोर झोपलेली असायची."

वर टांगलेले कागदी पक्षी हलत होते, आणि पंखा तर बाईंनी मघाशीच बंद केला होता. टाळी आत्ताच वाजवावी असं त्यांना वाटलं. भीतीच वाटली त्यांना. पण बापाच्या तोंडाकडे पाहून त्यांनी हात खाली घेतले.

तो इवल्याशा खुर्चीत बसला. गुडघे छातीला लागले. कप त्याने दोन्ही हातांत धरला.

"त्या सकाळी मी निघालो, तेव्हा तू दारातून हाक मारलीस," तो म्हणाला. "ऐकली होती मी. भांडण झालेलं, म्हणून वळलो नाही. रागावून गेलीस का?"

मुलीने शेगडीवरचं भांडं उतरवलं, त्यावर झाकण ठेवलं. तिला कसली घाई नव्हती.

"रागावते कशाला? डबा विसरला होतात, म्हणून हाक मारली."

डबा त्या दिवशी ओट्यावरच राहिला होता. इतक्या दिवसांत त्याला ते एकदाही आठवलं नव्हतं.

त्याने रिकामा कप तळापर्यंत प्यायला आणि बशीत नीट ठेवला. मग टाळीसाठी हात वर केले. ते एकमेकांजवळ जाईनात.

मुलगी उठली. तिने त्याचे दोन्ही पंजे धरले आणि एकमेकांवर आपटले.

"खरं-खरं."

कागदी पक्षी थांबले होते. चिंगीने डोळे चोळले, आणि बाप आपल्या खुर्चीत बसलेला पाहून तिला हसूच आलं.

"बाबा," ती म्हणाली, "मला भूक लागलीय."